आधी विहीर मोजा

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका तरुण पंच (पंचायत सदस्य) ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या प्रभागात 140 घरं. 28 एप्रिल 2025 ला स्पेन आणि पोर्तुगाल एकदम अंधारात गेले, तेव्हा त्यांच्या शेजारणीचा लिस्बनला असलेला मुलगा रात्रीपर्यंत फोनवर सापडेना. तेव्हापासून ताईंच्या डोक्यात घोळतंय की वीज, मोबाईल, नेट, पैशांचे व्यवहार सगळंच आठ-दहा दिवस बंद पडलं तर वाड्याने, म्हणजे त्या वस्तीने, काय करायचं? वायरलेस सेट घ्यायचे का, पंचायतीकडून मोठा जनरेटर मागायचा का, आणि मुळात लोकांना एकत्र आणायचं कसं? शेवटी त्यांनी लिहिलंय, "ग्रामसभेला अकरा माणसं येतात, त्यातली चार भांडायला."

ताई, मी 31 वर्षं वीजखात्यात काढली, बरीचशी लाईनवर आणि उपकेंद्रात. निवृत्त झाल्यापासून वेगवेगळ्या वाड्यांबरोबर हेच काम करतो. तुमच्या यादीतलं एकही यंत्र इतक्यात घेऊ नका. का, ते सांगायचं तर आधी माझीच फजिती सांगावी लागेल.

1999 साली वायटूकेची हवा होती. जुन्या संगणकांत साल दोनच आकड्यांत लिहिलेलं; 99 नंतर 00 आलं की यंत्र 1900 समजणार आणि हिशेब कोलमडणार, अशी ती भीती. खोटी नव्हती. मी आमच्या देवळाच्या मांडावर (गावाने जमायच्या जागेवर) बैठक घेतली आणि छातीठोकपणे सांगितलं, महिन्याभराचा तांदूळ, रॉकेल, मेणबत्त्या भरून ठेवा. लोकांनी भरल्या. 31 डिसेंबरच्या रात्री मी ड्युटीवर होतो. बारा वाजले, ट्रान्सफॉर्मर आधी घुमत होता तसाच घुमत राहिला. जगभरच्या प्रोग्रामर मंडळींनी काही वर्षं खपून त्या चुका आधीच काढल्या होत्या म्हणून काही झालं नाही, पण हे गावाला कोण पटवणार? मार्चपर्यंत तांदळात पोरकिडे झाले आणि मला नवं आडनाव मिळालं, 'दोनहजारकार'. पुढे कितीतरी वर्षं मी पावसाआधी तारांवरच्या फांद्या छाटूया म्हटलं तरी लोक हसायचे. तारीख दाखवून गोळा केलेली माणसं तारीख उलटली की पांगतात, आणि पुढच्या खेपेला येतही नाहीत. (कोणीतरी तुम्हाला 19 जानेवारी 2038 सांगेल. त्या दिवशी आपल्याकडे सकाळी 8.44 ला जुन्या 32-बिट घड्याळांचा आकडा संपतो, हे खरं आहे. पण ते काम संगणकवाल्यांचं. त्या तारखेवर वाडा गोळा करू नका.)

म्हणून बैठकीत 'सगळं बंद पडलं तर' हा विषयच काढू नका. 'तौक्ते आठवतं?' एवढंच विचारा. 16 मे 2021, रविवार. कोविडची दुसरी लाट भरात आणि त्यात ते वादळ. माड, फणस तारांवर आडवे, खांब मोडलेले. आमच्या वाड्यात वीज पाचव्या दिवशी आली. तेव्हाची गोष्ट नाही असं घर तुम्हाला सापडायचं नाही. प्रत्येकाला बोलू द्या आणि एकच प्रश्न विचारा: तुमच्या घरात पहिलं काय संपलं? मी हा प्रश्न बऱ्याच मांडांवर विचारला आहे. 'उजेड' असं उत्तर क्वचित येतं. पाणी म्हणतात.

असं का, ते नीट समजून घ्या. वीज गेल्यावर पहिले काही तास इन्व्हर्टरवर निघतात, कोणाला काही वाटत नाही. मोबाईलचा टॉवरही बॅटरीवर काही तास चालतो, मग डिझेलच्या जनरेटरवर, आणि रस्त्यावर झाड पडलेलं असलं तर डिझेल पोचत नाही. जुना तांब्याच्या तारेचा फोन एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांवर चालायचा, 48 व्होल्टवर, म्हणून काळोख्या घरातही तो वाजायचा. आता फायबर आलं. त्याच्या डबीला तुमच्या घरातली वीज लागते. नेट गेलं की यूपीआय, कार्डाचं मशीन, एटीएम सगळं गेलं. पेट्रोल पंपाच्या टाकीत पेट्रोल असतं, पण ते वर खेचणारी मोटर विजेची. आणि नळाचं पाणी आधी शुद्धीकरण प्रकल्पात पंपाने, मग गावच्या टाकीत पंपाने, मग तुमच्या गच्चीवर पंपाने चढतं. टाकीत आहे तोवर नळ चालतो, म्हणून पहिल्या दिवशी सगळे खुशाल आंघोळी करतात. दुसऱ्या दिवशी दुपारी बोंब.

सगळं एकदमच जातं असंही नाही. 12 एप्रिल 2025 ला यूपीआय तासन्‌तास अडकलं होतं. 4 ऑक्टोबर 2021 च्या रात्री व्हॉट्सॲप आणि फेसबुक जवळपास सहा तास मेलं होतं. ऑगस्ट 2019 मध्ये खांडेपारला जलवाहिनी फुटली आणि फोंडा-तिसवाडी कित्येक दिवस टँकरच्या मागे धावले. तिन्ही वेळा वीज होती. त्यामुळे वाड्याची तयारी विजेपुरती धरू नका. पंचायतीचा अख्खा कारभार एका व्हॉट्सॲप ग्रुपवर चालत असेल तर तेही तितकंच कच्चं.

आता तुमच्या आठ-दहा दिवसांबद्दल. गोव्याची वीज जवळजवळ सगळी बाहेरून येते. 31 जुलै 2012 ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताची ग्रीड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जोडलेलं जाळं, कोसळली, साठ कोटींहून जास्त माणसं अंधारात गेली, आपण पश्चिमेत असल्यामुळे वाचलो. 31 डिसेंबर 2013 ला दक्षिणही जोडली गेली आणि देशाची ग्रीड एक झाली. एरवी हे चांगलंच, एकाची तूट दुसरा भरतो. पण अख्खी पडली तर वेगळा आडोसा राहिला नाही. तरी मोठी ग्रीड पडली की सगळी यंत्रणा तिच्या मागे लागते. पोर्तुगालात दुपारच्या आधी गेलेली वीज रात्री उशिरा परत आली, ठरावीक जलविद्युत आणि गॅसची केंद्रं बाहेरच्या विजेशिवाय सुरू करता येतात म्हणून. तुमच्या वाड्यातल्या मोडलेल्या खांबामागे मात्र असं कोणी लागत नाही. माझा हिशेब पाच दिवसांचा. पाच दिवस ज्या वाड्याला निभावता येतात, त्याला पुढचे पाच कसे काढायचे ते पाचव्या दिवशी कळतं.

तर विहिरी. आपल्याकडे त्या आहेत, फक्त नळ आल्यावर आपण त्यांच्याकडे पाठ फिरवली. लोखंडी जाळी बसवली, रहाट काढून भंगारात दिला, काहींवर सबमर्सिबल पंप बसले, म्हणजे वीज गेली की विहीर असून नसल्यासारखी. प्रत्येक विहिरीपाशी मीटरची टेप, सुतळी आणि एक धोंडा घेऊन जा. सुतळीला धोंडा बांधून तळापर्यंत सोडा, वर काढा, भिजलेला भाग मोजा. ती पाण्याची खोली. मग आतला व्यास. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले 785, म्हणजे लीटर. समजा व्यास 3 मीटर आणि पाणी 4 मीटर. 3 गुणिले 3 गुणिले 4 गुणिले 785, म्हणजे 28,260 लीटर. ही मोजणी मे महिन्यात करा, पाणी सगळ्यात खाली असताना. ऑगस्टमधली मोजणी आत्मसंतोषाची.

आता गरज. पिणं, रांधणं, धुणं मिळून माणशी 15 लीटर हा आणीबाणीतला किमान हिशेब. 140 घरांत 560 माणसं धरली तर रोज 8,400 लीटर. एवढं पाणी वरच्या एका विहिरीतही आहे. पण खरी गोम पुढे आहे. कळशी 12 लीटरची धरली तर 700 कळशा होतात. एका रहाटावर एका कळशीला एक मिनिट लागलं तरी पावणेबारा तास, तेही न थांबता. म्हणून पाण्याएवढाच प्रश्न रहाटांचा आणि हातांचा असतो. तीन विहिरी, प्रत्येकीवर दोन कप्प्या, आणि दोर जाड काथ्याचा. नायलॉनची बारीक दोरी दहाव्या कळशीला तळहात सोलते, मी स्वतः सोलून घेतले आहेत.

विहिरीत पालापाचोळा किंवा पुराचं पाणी गेलं असेल तर ब्लीचिंग पावडर, 1,000 लीटरला अडीच ग्रॅम. वरच्या विहिरीला 70 ग्रॅम. सरळ आत ओतू नका. बादलीत कालवा, दहा मिनिटं चुना खाली बसू द्या, वरचं निवळ दुसऱ्या बादलीने विहिरीत सोडून ढवळा, खालचा गाळ फेका, आणि तासभर कोणी पाणी भरू नका. पावडर ताजी हवी. उघडा डबा वर्षभर पंचायतीच्या कपाटात ठेवला की ती नुसती खडूची भुकटी.

आणि एक नाजूक गोष्ट. विहीर कुणाची, तिथे कोणी जायचं आणि कोणी नाही, याचे जुने हिशेब गावात अजून पुरते मेलेले नाहीत. ते संकटाच्या दिवशी विहिरीच्या काठावर निघाले की संपलंच. आधी बोला, घरी जाऊन बोला, मांडावर नको. चारचौघांत 'हो' म्हणणारा मालक आयत्या वेळी फाटकाला कुलूप लावतो, हे मी पाहिलं आहे.

दुसरं काम वहीचं. साधी शंभर पानी वही, पेनाने लिहिलेली, दोन प्रती. माहिती गोळा करायला पंचांना पाठवू नका, लोकांना मतांची आठवण होते. चवथीला (गणेश चतुर्थीला) घुमट-शामेळ ही वाद्यं घेऊन घरोघरी आरत्या करणारी पोरं असतात ना, त्यांना पाठवा. कुठल्या घरात आजी एकटी आहे, कुठल्या घराचा कुत्रा चावतो, कुठल्या बंद घराची किल्ली कोणाकडे आहे, त्यांना सगळं ठाऊक असतं. प्रत्येक घराला विचारायचं: आज रात्री इथे झोपणारी माणसं किती? रेशनकार्डावरची नव्हे, झोपणारी. कोणाला चालता येत नाही? फ्रीजमधलं औषध कोणाचं? विजेवर चालणारं यंत्र कोणाला लावलंय? कोणाला काय येतं: नर्स, वेल्डर, वायरमन, पाडेली (माडावर चढून नारळ पाडणारा)? पाडेलीचं नाव पहिल्या पानावर लिहा. कोयती घेऊन पडलेल्या माडावर कसं काम करायचं हे त्याच्याइतकं कोणाला कळत नाही. आणि भाड्याच्या खोल्यांतली माणसं विसरू नका. तुमच्या भागात कन्नड किंवा हिंदी बोलणारे कामगार असतीलच. ते ना ग्रामसभेत असतात ना ग्रुपवर, पण पाणी त्यांनाही लागतं आणि रहाट ओढायला त्यांचेच हात पहिले पुढे येतात.

आजाराचं पान मात्र वहीत नको. ते आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरकडे किंवा अंगणवाडी सेविकेकडे वेगळं ठेवा. त्यात खरा जिवाचा प्रश्न ऑक्सिजनवाल्यांचा. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र) असेल तर वीज गेली की तो ठप्प. लहान 'बी टाईप' सिलिंडरमध्ये साधारण 1,500 लीटर वायू मावतो. रुग्णाला मिनिटाला 2 लीटर लागत असेल तर साडेबारा तास. म्हणजे एक सिलिंडर ठेवून घरच्यांनी निश्चिंत होऊ नये. त्या साडेबारा तासांत माणूस इस्पितळात कोणत्या गाडीने, कोणत्या रस्त्याने न्यायचा ते आधी ठरलेलं हवं, आणि त्या गाडीची टाकी अर्ध्याखाली जाता कामा नये. डायलिसिसवाल्यांचंही तेच: वार लिहा, गाडी लिहा. इन्सुलिनसाठी ओल्या वाळूत ठेवलेला मातीचा माठ बऱ्यापैकी काम करतो. वापरात असलेली कुपी किती दिवस चालवायची ते आजच डॉक्टरांना विचारून पानावर लिहून ठेवा.

निरोपांचं सोपं आहे. तुमच्या वाड्यात रोज सकाळ-संध्याकाळ दारोदार जाणारा एक माणूस आधीपासून आहे: पोदेर, म्हणजे पाववाला. त्याची भट्टी लाकडाची असेल तर ग्रीड पडली तरी तो येणार. त्याच्या पाटलीवर (पावाच्या टोपलीवर) चिठ्ठी दिली की तासाभरात सगळी घरं झाली. त्याला विचारून, त्याचा मान ठेवून हे ठरवा. शिवाय पसऱ्याच्या (किराणा दुकानाच्या) भिंतीवर एक फळा, आणि रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला मांडावर पाच मिनिटं उभ्या-उभ्या बैठक, बोलावणं न करता. देवळाची घंटा किंवा इगर्जीची कांपण (चर्चची घंटा) अवेळी वाजली तर तिचा अर्थ एकच ठेवा, 'या'. दोन अर्थ ठेवलेत की गोंधळ. प्रत्येक घरात सेलवर चालणारा छोटा रेडिओ असू द्या, आकाशवाणी पणजी लागते. लिस्बनच्या दुकानांत त्या दिवशी लोक असलेच रेडिओ शोधत होते.

वायरलेसचं म्हणाल तर हॅम रेडिओ (हौशी लोकांचं बिनतारी संदेशवहन) उत्तम छंद आहे, डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत अंदमानचे निरोप हॅमवाल्यांनीच बाहेर काढले. पण त्याला परीक्षा आणि परवाना लागतो, रोजचा सराव लागतो. तालुक्यात एक हॅमवाला ओळखीचा असला तरी पुरे. वाड्यात सायकल असलेली दोन पोरं जास्त कामाची. ऑनलाईन मिळणारे वॉकीटॉकी आंधळेपणाने घेऊ नका, त्यातले बरेच विनापरवाना वापरणं बेकायदा आहे.

पैसे. नोव्हेंबर 2016 मध्ये नोटा बंद झाल्या तेव्हा गाव चालवला तो पसरकाराच्या (किराणा दुकानदाराच्या) उधारीच्या वहीने. ती वही अजून आहे का बघा. नव्या पोरांच्या दुकानात फक्त क्यूआर कोड चिकटवलेला असतो. पसरकाराला बसवून ठरवा: घरामागे किती उधारी, कुठल्या भावाने. तोही घाऊकवाल्याला रोख देणार, बेळगावची भाजीची गाडी चोर्ला घाटाने आली तर तोही रोखच मागणार, म्हणून प्रत्येक घराने दोनेक हजार रुपये दहा-वीस-पन्नासच्या नोटांत वेगळे ठेवावे. पाचशेची नोट त्या दिवशी कोणी मोडून देत नाही.

जनरेटरवर मात्र मी थोडा चिडूनच बोलणार आहे. एका गावात वादळानंतर एकाने आपला जनरेटर सरळ घरातल्या प्लगमध्ये लावला, मेन स्विच बंद न करता. वीज त्याच्या घरात आली, आणि मीटरमधून उलटी लाईनवर गेली. ट्रान्सफॉर्मर उलटा चालला की 230 व्होल्टचे 11,000 होतात. खांबावर माझा माणूस होता. त्याने तार हातात घेण्याआधी अर्थिंगची साखळी टाकली म्हणून तो आज नातवंडं खेळवतोय. चेंजओव्हर स्विचशिवाय (घर एका वेळी लाईनला किंवा जनरेटरला, एकालाच जोडणारा स्विच) वाड्यात एकही जनरेटर चालू होणार नाही, असा ठराव करा, आणि बंद खोलीत किंवा पडवीत तो लावू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साईड वास न देता मारतो. घेतलाच तर एकच घ्या, विहिरीच्या पंपासाठी आणि दिवसातून दोन तास फोन चार्ज करायला. छपरावर सोलर आहे म्हणून जे निर्धास्त आहेत त्यांनाही सांगा: बॅटरी नसलेलं ग्रीडला जोडलेलं सोलर वीज गेली की स्वतःहून बंद पडतं, भर उन्हात. तेही त्या खांबावरच्या माणसासाठीच.

आता तुमची ग्रामसभेची अकरा माणसं. ताई, ग्रामसभेत हा विषय नेऊच नका. तिथे जाऊन कोणी काम करत नाही, तिथे जाऊन माणसं बोलतात. तुमच्या गावात अखंड भजनी सप्ताह असेलच. रात्री तीनचा प्रहर कोणत्या वाड्याचा, पेटी कोण आणणार, चहा कोणाकडून, कोणाच्या घरी सुतक आलं तर त्याच्या जागी कोण, हे सगळं कागदाशिवाय चालतं. वास्कोचा सप्ताह असाच चालत आला आहे, चोवीस तास, खंड न पडता. त्या माणसांकडे जा. त्यांना म्हणा, प्रहर वाटायचे आहेत: पाण्याचा एक गट, वहीचा एक, रस्त्यातली झाडं तोडणाऱ्यांचा एक, आजारी माणसांच्या गाड्यांचा एक. गटप्रमुख नेमताना शेजारचा बदली माणूस लगेच नेमा. इगर्जीकडचे लोक असतील तर फेस्ताची (चर्चच्या उत्सवाची) समिती तशीच तयार असते. कोणालाही 'आपत्ती व्यवस्थापन स्वयंसेवक' असा बिल्ला देऊ नका, तो बिल्ला मिळाला की माणूस आदेश देऊ लागतो. मामलेदार कार्यालयाला आणि पंचायत सचिवांना वहीची पहिली दोन पानं देऊन ठेवा म्हणजे त्यांना ठाऊक असेल.

मग एका रविवारी तालीम. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, इच्छा असेल त्या घरांनी मेन स्विच खाली, फोन बंद. आमच्याकडे पहिल्या खेपेला 90 पैकी 23 घरं आली. अर्ध्या तासात कळलं की समाज सभागृहाची किल्ली ज्याच्याकडे होती तो पणजीला गेलेला. विहिरीचा रहाट गंजून बसलेला, त्याला खोबरेल घालून सोडवला. मिक्सर नाही म्हणून आमटीचं वाटण अडलं, तेव्हा एका आजीने मागच्या पडवीतला दगडी रगडा पुसून घेतला आणि पाच घरांचं वाटण एकटीने करून दिलं. चार सुना बाजूला उभ्या राहून बघत होत्या, त्यातल्या दोघींनी आधी रगडा फिरताना पाहिलाच नव्हता. पुढच्या खेपेला 61 घरं आली, निम्मी त्या आजीचं ऐकून.

तुमच्याकडे किती विहिरी आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, बहुधा मोजल्या नसतील. या रविवारी आरतीच्या पोरांना घेऊन निघा. टेप, सुतळी, धोंडा आणि वही. प्रत्येक विहिरीसमोर व्यास, पाण्याची खोली, रहाट आहे की नाही, आणि फाटकाची किल्ली कोणाकडे, एवढे चार रकाने भरा आणि मला पाठवा. मग कप्प्या किती घ्यायच्या ते सांगतो.